गेटच्या दोन बाजू

परतूरच्या अन्नपूर्णा कॉलनीला लोखंडी गेट पाहिजे, हा विचार मार्तंडराव रोहिलागडकरांच्या डोक्यात शिरला तो एका चपलेमुळे. एका म्हणजे अगदी एकाच. अद्वैतनं पुण्याहून वडिलांना भारीतला जोड पाठवला होता. त्यातली डावी चप्पल ओट्यावरून नाहीशी झाली आणि उजवी जागच्या जागी राहिली. आता चोराला पाय किती असतात, हा प्रश्न कुणालाही पडावा. त्यांच्या पत्नीला, रमाबाईंना, तो पडला आणि त्यांनी उत्तरही दिलं.

"कुत्र्यानं नेली असेल," त्या म्हणाल्या.

पण कॉलनीत एखादी गोष्ट घडली आणि तिचं इतकं साधं कारण निघालं, तर शेजाऱ्यांनी काय करायचं? दुपारपर्यंत ओट्यावर मंडळी जमली. कॉम्प्युटर क्लास चालवणारा सुमित उजव्या चपलेकडे वाकून बघत म्हणाला, "काका, ही रेकी आहे. घरातलं माणूस किती सावध आहे ते आधी असं तपासतात." कुणी सांगितलं की स्टेशन जवळ आहे, गाडीतून कोण उतरतं आणि कोण चढतं याचा पत्ता लागत नाही. कुणी जालन्याच्या साडूच्या घरची चोरी सुरुवातीपासून सांगितली. संध्याकाळ होईतो चप्पल बाजूला पडली होती आणि गेट उभं राहिलं होतं. अर्थात फक्त बोलण्यात.

खरं सांगायचं तर चप्पल हे निमित्त होतं. मार्तंडरावांच्या पोटात एक वेगळीच भीती होती, आणि ती त्यांनी अद्वैतलासुद्धा सांगितली नव्हती. बँकेत शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या माणसानं भीती वाटते असं सांगायचं म्हणजे काय! सुरक्षा म्हणावं, व्यवस्था म्हणावं, फार तर दक्षता म्हणावं.

सगळ्यांना गेट पाहिजे होतं. एकटा बद्रीनाथ आरगडे नको म्हणत होता.

बद्रीनाथ मूळचा तीर्थपुरीचा. गावाकडे जमीन, मोंढ्यात खता-बियाण्यांचं दुकान, आणि कॉलनीच्या शेवटी दुमजली घर. त्या घराचं दार बंद असलेलं कुणी पाहिलं नव्हतं. गावाकडचा माणूस तहसीलला आला, दवाखान्यात आला, कापूस घेऊन आला की बद्रीनाथकडे जेवून जाणार. या पाहुण्यांच्या जीपा, मोटारसायकली आणि कधी कधी एक ट्रॅक्टर मार्तंडरावांच्या खिडकीखाली लागायचा. ट्रॅक्टरवर गाणी वाजायची. मार्तंडरावांना गाण्यांचं वावडं नव्हतं, पण दुपारची झोप त्यांना प्रिय होती.

"गेट नको," बद्रीनाथ म्हणाला.

"पण का?"

"नको म्हणजे नको. रस्ता सरकारी हाय, साहेब. आपल्या बापाचा न्हाई."

एवढं बोलून तो गाडीत बसून निघून गेला. मार्तंडरावांनी जाणाऱ्या गाडीच्या धुळीत उभं राहून मनाशी निकाल लावला. ट्रॅक्टर. दुसरं काय असणार? शिवाय वॉर्डातून उभं राहायचं असेल. शिवाय हट्ट.

मग सुरू झाल्या नगरपरिषदेच्या वाऱ्या. तिथल्या बाबूनं अर्ज उलटासुलटा करून पाहिला, बराच वेळ पंख्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कुणाची हरकत आहे का?"

"एका माणसाची आहे," मार्तंडराव प्रामाणिकपणे म्हणाले. हाच त्यांचा घात झाला.

"मग त्यांची ना-हरकत आणा."

"अहो, त्यांची हरकत आहे असंच सांगतोय मी."

"तेच म्हणून राह्यलो ना, साहेब. ज्यांची हरकतच न्हाई त्यांची ना-हरकत घेऊन मी काय करू?"

मार्तंडरावांनी आयुष्यभर काउंटरच्या आतल्या बाजूला बसून लोकांना अशीच उत्तरं दिली होती. बाहेरून ऐकायला ती इतकी वाईट लागतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. शेवटी बाबूला दया आली. कॉलनीची सभा घ्या, दोन्ही बाजू मांडा, बहुमतानं ठराव करा, मग बघू, असं तो म्हणाला आणि जेवायला गेला.

दोन्ही बाजू! आता नशिबाचा खेळ बघा. त्याच आठवड्यात मार्तंडराव एका व्याख्यानासाठी जालन्याला गेले. वक्ते बाहेरगावचे, बारीक आवाजाचे, कुठलाही हातवारा न करणारे. ते म्हणाले, "तुम्ही एखादा ठराव आणता तेव्हा तो तुमच्या विरोधकाला कसा दिसतो, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. आणि असं सांगता आलं पाहिजे की विरोधकानं ऐकून म्हणावं, हो, हेच माझं म्हणणं. ते जमत नसेल तर तुमचा ठराव अजून कच्चा आहे."

मार्तंडराव या वाक्यानं भारावून गेले. परतीच्या गाडीत त्यांनी ते समोरच्या प्रवाशाला ऐकवलं, शेजारच्याला ऐकवलं. परतूर येईपर्यंत ते वाक्य थोडं थोडं त्यांचंच झालं होतं. आणि स्टेशनच्या पायऱ्या उतरताना त्यांना एक झकास कल्पना सुचली. सभेत दोघांनीही दुसऱ्याची बाजू मांडायची! बद्रीनाथनं गेटच्या बाजूनं बोलायचं, मार्तंडरावांनी गेटच्या विरोधात. कल्पना किती उदात्त! आणि त्या उदात्ततेच्या पोटात एक बारीकशी गोष्ट लपलेली होती: बद्रीनाथला हे जमणार नाही. तो माईकसमोर अडखळेल. आपण मात्र दोन्ही बाजूंनी बोलू शकतो, कारण आपण वाचलेलं आहे.

कॉलनीच्या ग्रुपवर प्रस्ताव गेला. बद्रीनाथनं होकाराचा अंगठा टाकला.

"तुम्ही त्यांना विचारलंत का, गेट का नको म्हणतात ते?" रमाबाईंनी भाजी निवडता निवडता विचारलं.

"विचारायचं काय त्यात? मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"ट्रॅक्टर."

रमाबाईंनी मेथीची एक काडी मोडली आणि पुढे काही बोलल्या नाहीत. लग्नाला इतकी वर्षं झाली की न बोलण्याचेही प्रकार ओळखू येतात. हा प्रकार मार्तंडरावांना ओळखू आला होता, पण त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

तयारी जोरात सुरू झाली. खांद्यावर टॉवेल टाकून मार्तंडराव आरशासमोर उभे राहू लागले. "मंग? म्या काय म्हणून राह्यलो?" असं आरशातल्या माणसाला विचारू लागले. बोली त्यांना फार सुरेख जमत होती, आणि त्याचं त्यांना कौतुक वाटत होतं. जमणारच. रोहिलागडला त्यांची आजी तंतोतंत अशीच बोलायची आणि ते स्वतःही शाळेत असेपर्यंत असंच बोलत. बँकेची परीक्षा पास झाल्यावर त्यांनी ते बोलणं मेहनतीनं पुसून टाकलं होतं. आता आरशासमोर ते आपोआप जिभेवर येत होतं आणि मार्तंडराव त्याला नक्कल समजत होते.

सभेच्या आदल्या दिवशी ते बाजारातून आले तर रमाबाई दोन कपबश्या विसळत होत्या.

"कोण आलं होतं?"

"बद्रीनाथभाऊ. पोहे खाल्ले, चहा घेतला."

"इथे? कशाला?"

"तुम्हाला गेट का पाहिजे ते विचारायला. तुम्ही नव्हतात, मग मला विचारलं."

"आणि तू काय सांगितलंस?"

"जे आहे ते," रमाबाई म्हणाल्या.

याला मार्तंडरावांनी हेरगिरी असं नाव दिलं आणि रात्री जेवताना ते दोनदा उच्चारलं.

रविवारी सकाळी दत्तमंदिराच्या मांडवात सभा भरली. कधी नव्हे ती इतकी गर्दी झाली, कारण मार्तंडराव काहीतरी 'करून दाखवणार' आहेत अशी बातमी सुमितनं पसरवली होती. भोंगा लावला होता. सभा मांडवातच होती, सगळे हाकेच्या अंतरावर बसले होते, पण भोंग्याशिवाय सभेला वजन येत नाही असं मार्तंडरावांचं मत होतं. मांडववाल्यानं सोयीचं पडलं म्हणून तो कॉलनीच्या शेवटच्या टोकाकडे तोंड करून बांधला. बद्रीनाथ आपल्या आईला, द्वारकाबाईंना, घेऊन आला. म्हातारी पुढच्या सतरंजीवर पदर सावरून बसली.

चिठ्ठी टाकली गेली. पहिलं बोलणं मार्तंडरावांचं आलं.

ते उठले, खिशातून टॉवेल काढून खांद्यावर टाकला आणि तिथेच पहिला हशा मिळवला. बँकेच्या निरोपसमारंभातसुद्धा त्यांना इतका हशा मिळाला नव्हता. माणसाला हशाची चटक लागायला एक हशा पुरतो.

"राम राम मंडळी," मार्तंडराव म्हणाले. "म्या काय म्हणून राह्यलो, गेट काहून पाह्यजे? रस्ता सरकारी, ट्रॅक्टर माझा, गाणं माझं, अन् झोप? झोप रोहिलागडकर साहेबाची! ती मोडली तं माझ्या बापाचं काय जातंय?"

मांडव हसला. सुमित मोबाइल उभा धरून चित्रण करत होता. मार्तंडरावांना स्वर सापडला. वाक्यं मनात ठरवलेली होतीच, पण आता न ठरवलेलीही सुचू लागली. आणि न ठरवलेली वाक्यंच माणसाला खड्ड्यात घालतात.

"अन् आमच्या घरी पाव्हणे कवाबी येतेत! आज मामा, उद्या चुलता. परवा भैन येती, बोचकं डोक्यावर घेऊन, लेकरू काखंत मारून! नवऱ्याशी भांडली की आली, भांडण मिटलं की गेली! तिला काय गेटवर इचारायचं का, बाई कोणाकडं आलीस, कामून आलीस, किती दिवस ऱ्हातीस?" असं म्हणून त्यांनी डोक्यावर बोचकं असल्याचा आविर्भाव केला आणि चार पावलं कंबर हलवत चालून दाखवलं.

बायकांच्या बाजूनंही हशा आला. द्वारकाबाईंनी पदर ओढून तोंडावर घेतला. म्हातारी हसतेय असं मार्तंडरावांना वाटलं आणि त्यांना अधिकच हुरूप आला. बद्रीनाथ खाली सतरंजीकडे बघत होता. टाळ्या झाल्या. घामेजलेले मार्तंडराव टॉवेलनं चेहरा पुसत खुर्चीत बसले. विरोधकाची बाजू इतकी जिवंत अजून कुणी मांडली नसेल, असं त्यांना त्या क्षणी मनापासून वाटलं. त्या वक्त्यांनी हे पाहायला हवं होतं, असंही वाटलं.

मग बद्रीनाथ उठला. माईक त्याला ठेंगणा पडत होता. तो वर करायच्या खटपटीत न पडता बद्रीनाथ जरा वाकून बोलू लागला.

"साहेबांनी माझी बाजू मांडली. आता म्या साहेबांची मांडतो," तो म्हणाला. "चुकलं तं साहेबांनी मला तिथंच थांबवावं."

मार्तंडराव प्रसन्नपणे हसले. आता अडखळणार.

"लोक म्हणतेत, चप्पल गेली म्हणून साहेबांना गेट पाह्यजे. चप्पल न्हाई हो ती. वहिनीला इचारून सांगतो, तिनं सांगा म्हणलं म्हणून. पावसाळ्यात एक दिवस साहेब बँकेत गेल्ते. वहिनी एकटी. दार लोटलेलं. अन् एक अनोळखी माणूस सरळ सैपाकघरापर्यंत आल्ता. पाणी मागितलं म्हणे. वहिनी ओरडली, तो गेला. काही झालं न्हाई. पण त्या दिवसापासून साहेब कुठं बी गेले तं जीव घरातच ऱ्हातो. भाजी आणायला गेले तं अर्ध्या रस्त्यातून फोन करतेत, कडी लावली का म्हणून. लेक पुण्याला, नात पुण्याला. हाक मारायची झाली तं कोणाला मारायची? आपल्या ट्रॅक्टरच्या गाण्यात ती ऐकू बी येणार न्हाई."

मार्तंडरावांचं हसू चेहऱ्यावर होतं तसंच अडकून राहिलं. ते काढावं कसं हे त्यांना कळेना.

"साहेब हे बोलत न्हाईत, कारण मानी माणूस हाय," बद्रीनाथ पुढे म्हणाला. "आपल्याला वाटतंय, मोठ्या लोकांना गरिबाचं येणं-जाणं खपत न्हाई म्हणून गेट. तसं बिलकुल न्हाई. आपल्या माणसाची काळजी वाटणं ह्याच्यात वाईट काय हाय? म्या त्यांच्या जागी असतो तं गेट न्हाई, किल्ला बांधला असता. एवढंच हाय त्यांचं म्हणणं. साहेब, बराबर हाय का?"

सगळ्या माना मार्तंडरावांकडे वळल्या. बराबर होतं. इतकं बरोबर होतं की मार्तंडरावांना स्वतःलाही ते तसं सांगता आलं नसतं. त्यांनी मान हलवली. खांद्यावर टॉवेल अजून होता. तो काढावा तर सगळ्यांना दिसेल, ठेवावा तर तोही दिसेल. त्यांनी तो हळूहळू मांडीवर ओढला आणि त्याची घडी घालू लागले. एवढ्याशा टॉवेलाच्या किती घड्या पडाव्यात!

टाळ्या बराच वेळ वाजत होत्या. एक बाई डोळे पुसत होती. मतदान झालं आणि गेटच्या बाजूनं भराभर हात वर गेले. विरोधात एकच हात होता.

"बद्रीभाऊ, तुम्हीच तर बोललात ना गेटच्या बाजूनं?" सुमित ओरडला.

"बोलाय सांगितलं होतं म्हणून बोललो," बद्रीनाथ म्हणाला. "मत माझं हाय."

अशा रीतीनं मार्तंडराव रोहिलागडकर विरोधकाच्या भाषणावर जिंकले. लोक येऊन हात मिळवत होते. "काका, आधी सांगायचं ना हो आम्हाला," असं म्हणत होते. कुणी त्यांच्या नकलेबद्दल मात्र एक शब्द काढला नाही. घडीभरापूर्वी जे खदखदून हसले होते तेसुद्धा आता, आपण हसलोच नव्हतो, असे चेहरे करून निघाले होते. घरी आल्यावर रमाबाईंनी ताट वाढलं. आमटीत मीठ नव्हतं. मार्तंडरावांनी मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बद्रीनाथच्या घरी गेले. इतक्या वर्षांत ते त्या उंबऱ्याच्या आत पहिल्यांदाच जात होते. दार उघडंच होतं. द्वारकाबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. "या, बसा," त्या म्हणाल्या, पण वर न बघता.

बद्रीनाथ बाहेर आला. मार्तंडराव खुर्चीच्या कडेवर बसले आणि घसा साफ करून म्हणाले, "मला एक विचारायचं होतं. तुम्हाला गेट का नको होतं?"

"आता इचारून राह्यले व्हय, साहेब?" बद्रीनाथ हसला. ते हसणं काही फार गोड नव्हतं. मग त्यानं आतल्या खोलीकडे एकदा पाहिलं आणि आवाज उतरवला. "माझी बहीण सुरेखा. परभणीकडं दिलेली. तिचा मालक पितो, मारतो. तिथं असह्य झालं की ती येती. कधी दुपारी येती, कधी पहाटच्या गाडीनं. स्टेशनवरून चालत. ह्या कॉलनीत एवढंच बरं हाय की येताना तिला कोणी अडवत न्हाई. सरळ घरात शिरती अन् मंग रडती. गेट झालं की तिथं माणूस बसणार. तो इचारणार, कोणाकडं, कशाला. तिनं काय सांगायचं? तोंडावरचा वळ झाकत उभी ऱ्हाणार ती तिथं, अन् चार लोक बघणार."

मार्तंडराव खुर्चीत आणखी कडेला सरकले.

"हे तुम्ही सभेत..."

"सभेत सांगायची गोष्ट हाय का ती?"

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मार्तंडरावांनी तो ऐकला, आणि त्यांच्या मनात जे आलं ते विचारायची त्यांना हिंमत होईना. बद्रीनाथनंच सांगून टाकलं. "हाय ना घरात. महिना झाला. काल बी होती. भोंग्याचं तोंड आमच्याच खिडकीकडं होतं, साहेब."

मार्तंडरावांना आपण चाललेली ती चार पावलं आठवली. कंबर हलवत. लोक म्हणतात धरणी दुभंगावी, पोटात घ्यावं. मार्तंडरावांना एवढं मोठं काही नको होतं. बद्रीनाथच्या ओट्याला एखादी पुरुषभर भेग पडली असती तरी त्यांचं भागलं असतं.

"माझं चुकलं," असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते असं: "तुमचं भाषण फार उत्तम झालं."

"त्याचं कौतुक मला सांगू नका," बद्रीनाथ म्हणाला. "म्या बी तुमची नक्कल बसवलती. माकडटोपी, पिशवी, फोनवर 'कडी लाव, कडी लाव'. लय भारी जमलती. माझी बायको शालू हसून हसून पडली. पण आई म्हणली, ज्याच्या घरचे पोहे खाल्लेस त्याला लोकांत नाचवतोस व्हय? म्हणून ऱ्हायलं."

द्वारकाबाई लसूण सोलतच होत्या.

इथून पुढे मार्तंडरावांनी जे केलं ते पाहून कॉलनीला वाटलं, माणसाचं डोकं फिरलं. ते घरोघर जाऊन सांगू लागले की गेट नको. का नको, हे मात्र सांगता येईना. ते सांगायचा त्यांना हक्कच नव्हता. त्यामुळे त्यांनी वाऱ्याचं कारण सांगितलं, रुग्णवाहिकेचं सांगितलं, लोखंड गंजतं हेही सांगितलं. लोक त्यांच्याकडे कणवेनं बघत.

"काका, तुम्ही बद्रीभाऊंचं भाषण नीट ऐकलं नाही वाटतं," सुमित म्हणाला आणि त्यानं मोबाइलवर ते भाषण त्यांना पुन्हा ऐकवलं. आधी त्यांची नक्कल लागली. ती त्यानं घाईघाईनं पुढे ढकलली.

मार्तंडराव नगरपरिषदेत गेले. ठराव मागे घ्यायचा आहे म्हणाले.

"सभेचा ठराव हाय. एकट्याला मागं घेता येत न्हाई," बाबू म्हणाला. "तुमची वैयक्तिक हरकत हाय का?"

"आहे."

"मग त्यासाठी तुमची ना-हरकत लागंल."

बद्रीनाथकडे गेले तर तो म्हणाला, "झालं ते झालं. बहुमतानं झालं, म्या मानतो. आता तुमी लोकांना उलटं सांगत फिरू नका, लोक मला येऊन इचारतेत साहेबांना काय झालं म्हणून." मधल्या काळात सुरेखा सासरी परत गेली होती. नवऱ्यानं माणसं घालून समजूत काढली होती.

गेट झालं. हिरवं, टोकं असलेलं, मोठ्या दोन फळ्या आणि एका फळीत माणसापुरतं बारकं दार. नारळ फुटला. गेटवर पाटी बसली: 'संकल्पना – श्री. मार्तंड रोहिलागडकर'. मार्तंडराव रोज तिच्याखालून मान खाली घालून जात. पाटी काढा म्हणून त्यांनी सांगून पाहिलं, तर लोकांनी त्यांच्या विनयाचं कौतुक केलं.

पगारी राखणदार काही मिळेना. तेव्हा कॉलनीतल्या माणसांनीच पाळीपाळीनं गेटवर बसायचं आणि येणाऱ्या अनोळखी माणसाला विचारायचं, असं ठरलं. हौशी लोकांना हे काम फार आवडलं. विचारण्यात केवढी सत्ता असते! सुमित तर पोस्टमनलाही कुणाकडे म्हणून विचारू लागला. मार्तंडरावांनी मात्र दुसऱ्यांच्या पाळ्या मागून घ्यायला सुरुवात केली. पहाटेची गाडी यायची वेळ त्यांनी घेतली, दुपारची घेतली. खुर्ची टाकून बसत आणि कुणालाही काही विचारत नसत. रमाबाई डबा आणून देत. एकदा त्यांनी नुसतं विचारलं, "ती येईल म्हणून बसता का?" मार्तंडराव म्हणाले, "ती येऊ नये म्हणून बसतो." मग त्यांना वाटलं, हे काहीतरी भलतंच बोललो आपण. पण रमाबाईंना ते कळलं होतं.

आणि एका दुपारी ती आली.

ऑटो बाहेरच थांबला. सुरेखा उतरली. खांद्यावर झोपलेली मुलगी, हातात कापडी पिशवी, पदर गालावर ओढलेला. मार्तंडराव ताडकन उठले. बारकं दार उघडंच होतं. पण हिला त्या बारक्या दारातून अंग चोरून आत यायला लावायचं, हे त्यांच्या मनाला पटेना. मोठं गेट उघडलं पाहिजे! दोन्ही फळ्या! त्यांनी अडसराला हात घातला. अडसर कालच मारलेल्या रंगानं चिकटला होता. त्यांनी ओढला, ढकलला, खालून लाथ मारून पाहिली. गेट असं काही खणखणलं की समोरच्या ओट्यावर धान्य निवडत बसलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या. वरच्या गच्चीतून कुणीतरी डोकावलं. आणि सुरेखा उन्हात, लेकीला खांद्यावर घेऊन, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभी. त्या गेटवर आजवर कुणालाही इतका वेळ उभं राहावं लागलं नव्हतं.

"काका," ती म्हणाली, "बारकं दार उघडंच हाय की."

ती त्यातून आत आली. मार्तंडरावांचे हात रंगानं हिरवे झाले होते. तिच्या हातातली पिशवी घ्यावी म्हणून त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला.

"तुमीच बोललते न्हाई का त्या दिवशी भोंग्यात?" सुरेखानं विचारलं. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "बोचकं म्हणलते. बोचकं न्हाई घेत मी डोक्यावर. पिशवी असती."

"चुकलं माझं, बाई," मार्तंडराव म्हणाले. "फार चुकलं."

तिनं मुलगी दुसऱ्या खांद्यावर घेतली. तसं करताना पदर सरकला आणि जे झाकलं होतं ते दिसलं. मार्तंडरावांनी नजर खाली घातली.

"कोणाकडं आले, इचारणार न्हाई?"

"नाही."

"इचारा की. समद्यांना इचारतेत ना हितं." असं म्हणून ती ओट्यावरच्या बायकांकडे वळली आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझ्या भावाकडं आले. ऱ्हायला आले."

मग ती रस्त्याच्या मधोमध चालू लागली, घाई न करता. मार्तंडराव हिरवे हात अंगापासून दूर धरून तिथेच उभे राहिले. ती घरात शिरेपर्यंत त्यांना मान वर करता आली नाही.